चिखलावरचा अंगठा

यादोकाकांना कुणी चहा दिला की ते आधी देणाऱ्याकडे पाहायचे, मग चहाकडे. चहात काही कालवलं असेल असा त्यांचा संशय नसायचा. आज याने चहा का दिला, एवढं त्यांना पिण्याआधी कळायला हवं असायचं. साकोलीच्या स्टँडवर गाडीची चौकशी करायची तर ते खिडकीत विचारत, मग पानठेल्यावर विचारत, आणि दोन्हीकडे एकच वेळ सांगितली तरी तिसऱ्याकडे जात. "दोघाईनं एकाच मानसाले विचारलं असन तं?" असं त्यांचं म्हणणं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी नागपूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करतो; आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. माझ्या कॉलेजात चाचणीचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासण्याचा, एक विषय होता. त्यात मला बरे गुण मिळाले होते. पण तपासणं म्हणजे काय ते मी काकांकडून शिकलो, आणि तेही उशिरा शिकलो. म्हणून हे लिहितो आहे.

यादोराव खोब्रागडे आमच्या गावचे पाणकर होते. दिघोरीपासून थोडं आत आमचं गाव. गावाला एक जुना तलाव, आणि तलावाखाली पाटाच्या कडेने बेचाळीस शेतांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. धान निसवायच्या वेळी, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पावसाने ओढ दिली की तलावाचं पाणी सोडावं लागतं. ते सगळ्यांना एकदम पुरत नाही. तलावाजवळच्या पहिल्या शेतापासून सुरू करून एकेकाची पाळी लावत शेवटच्यापर्यंत जायचं, ही आमच्याकडची रीत. शेवटच्या काही शेतांपर्यंत येईतो तलाव उतरलेला असतो, पाण्याचा जोर गेलेला असतो, कधी कधी पाणी पोचतच नाही. ही पाळी लावणारा, पाट उघडणारा आणि बंद करणारा, गावाने नेमलेला माणूस म्हणजे पाणकर. हे काम करणाऱ्यावर गाव कधीच पूर्ण खूश नसतं. काकाही गावावर कधी खूश नव्हते.

तलावाचं पाणी सोडायच्या दाराला आम्ही तुडूम म्हणतो. तुडूम बंद केलं की काका त्याच्या फटीवर ओला चिखल लिंपत आणि त्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबत. परत आल्यावर आधी ठसा पाहत. ठसा जसाच्या तसा असला तर ठीक. एकदा म्हशीने अंग घासून तो मोडला, तर काकांनी तीन दिवस त्या म्हशीच्या मालकाची चौकशी केली होती. मालक वैतागून म्हणाला, "काका, म्हशीलेच विचारा ना." काका म्हणाले, "तिले विचारलं. ती तुह्याकडे पाहून राहिली होती."

दर वर्षी पाळी सुरू होण्याआधी ते शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावत आणि आपल्या पाळीच्या वहीतून पूर्ण यादी मोठ्याने वाचत. तलाठी जमिनीच्या नोंदींचं चावडीवाचन करतो तसंच. कोणाची पाळी कितवी, कोणानंतर, किती तास. वाचून झालं की विचारत, "कोनाले काही म्हनायचं हाय?" कुणी काही म्हटलं की मात्र त्याच्याकडे चहा देणाऱ्याकडे पाहावं तसं पाहत.

दर वर्षी म्हणणारी एक बाई होती. रायाबाई. तिचा नवरा ऐन शेतीच्या दिवसांत गेला, तेव्हापासून शेत तीच पाहत होती. तिची पाळी शेवटाकडे यायची.

"माह्या बांधीत पानी पोचत नाई," ती म्हणायची.

"पोचते. तू पाळी नसताना पाट फोडतेस, मंग पाळीले पानी कसं उरन?"

"मी कायले फोडू? माहा मानूस होता तवा पानी लवकर येत होतं."

"वहीत पाह. वहीत जे हाय ते हाय."

मग ती उठून जायची. वहीत खरंच तसं होतं. आणि तिच्या पाळीच्या दिवशी काका हमखास पाटावर वरपासून खालपर्यंत चालत जायचे, कुठे फोडलाय का ते पाहायला. त्यांना कधी काही सापडलं नाही. त्यामुळे त्यांचा संशय वाढतच गेला. बाई फार हुशार आहे असं ते आमच्या वडिलांना सांगत. आमच्या वडिलांची आणि त्यांची लहानपणापासूनची दोस्ती. गावात ज्या एका माणसाचा चहा ते न विचारता प्यायचे, तो म्हणजे आमचे बाबा.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी पाळीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'पाणीपाळी'. शेतांची यादी भरली, पाऊस आणि तलावाची पातळी सांगितली, की कोणाला कधी किती तास ते निघतं आणि ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर निरोप जातो. आपल्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग व्हावा, ही माझी साधी इच्छा होती. मी तो ओपन सोर्स ठेवला. म्हणजे त्याचा कोड उघडा. जगात कुणीही वाचावा, वापरावा, चूक दाखवावी, सुधारून पाठवावा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुकट काहून देऊन राहिला?"

मी म्हटलं, "काका, मी कॉलेजात शिकलो ते लोकांनी असाच उघडा ठेवलेला कोड वाचून. पुस्तकं घेणं होत नव्हतं."

"मंग त्याईनं काहून ठेवला?"

"त्यांनाही कुणीतरी दिला असेल."

"म्हंजे तुले माहीत नाई," काका म्हणाले. "हे पार पयल्या मानसापर्यंत विचारत गेलं पाह्यजे."

पण कोड उघडा असणं त्यांना आवडलं. बंद डब्यातून निघालेली यादी त्यांनी कधीच मानली नसती. नवीन आवृत्ती बाहेर काढताना तिच्यावर माझी डिजिटल सही असते, मधे कुणी एक अक्षर बदललं तर ती जुळत नाही, हे मी समजावत होतो तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "मंग हा तुहा अंगठा होय. पुढे सांग."

त्यांनी एक अट घातली. नवीन आवृत्ती आली, ते तिला 'नवीन खेप' म्हणायचे, की तिच्यात काय काय बदललं ते मराठीत लिहायचं आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचायचं. वाचल्याशिवाय ती गावात चालवायची नाही. मोठ्या मोठ्या प्रकल्पांतही रिलीजबरोबर बदलांची यादी देतात, पण ती कोण वाचतं ते देव जाणे. आमच्याकडे ती बेचाळीस शेतांचे मालक बिडी ओढत ऐकायचे. वाचायचे काका. "बदल तिसरा. अक्षर मोठं केलं. काहून? बुढ्या मानसाले दिसत नाई म्हनून." एवढं वाचूनही ते माझ्याकडे पाहायचे. "खरंच याच्यासाठीच ना?"

पहिली खेप गावात चालवण्याआधी त्यांनी प्रोग्रामची यादी आणि आपली वही शेजारी ठेवून बेचाळीस ओळी एकेक करून ताडून पाहिल्या. त्यांना अख्खी दुपार लागली. सगळ्या जुळल्या. "बरोबर हाय," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला होता. मी घरी जाऊन आईला सांगितला.

चौथी खेप तयार होत असताना एका अनोळखी माणसाने कोडमध्ये सुधारणा पाठवायला सुरुवात केली. खरं नाव नाही, फोटोच्या जागी चिमणीचं चित्र. सुधारणा नीटनेटक्या होत्या. कुणीतरी लांबून आपलं काम वाचतं आहे याचा मला इतका आनंद झाला की मी तो काकांना सांगून बसलो.

"कोन हाय तो?"

"माहीत नाही. चिमणीचं चित्र आहे."

"चिमनीचं," काका म्हणाले, आणि माझ्या मोबाईलवरचं ते चित्र जवळ धरून पाहिलं. मग म्हणाले, "नाव लपवनाऱ्याचं गावात कोनीतरी असते."

काही दिवसांनी चिमणीकडून एक प्रश्न आला. तुमच्या नियमाप्रमाणे पाळी शेतांच्या क्रमाने जाते. मग दोन शेतं त्या क्रमात का बसत नाहीत? नऊ नंबरच्या जागी अडतीस आहे आणि अडतीसच्या जागी नऊ. हा अपवाद मुद्दाम आहे का? असेल तर त्याचं कारण लिहिण्यासाठी मी एक रकाना केला आहे. कारण लिहिल्याशिवाय यापुढे कुठलाही अपवाद चालणार नाही.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्यांदा मी प्रोग्राम चालवला तेव्हा त्याची यादी आणि काकांची वही दोन ओळींवर जुळली नव्हती. नऊ आणि अडतीस. प्रोग्राम चुकला म्हणून मी त्यात तेवढ्यापुरता अपवाद घातला, आणि यादी वहीशी जुळवून मगच काकांना दाखवली. त्या दुपारी काका ज्या ओळी ताडत होते त्यातल्या दोन मी आधीच जुळवून ठेवलेल्या होत्या. नऊ नंबरचं शेत रायाबाईचं. अडतीस आमचं.

वहीत आहे म्हणजे काहीतरी जुनी रीत असेल, असं मी तेव्हा मनाला सांगितलं होतं. आमचं पाणी लवकर येतं हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. ते का येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चिमणीला मी कळवलं, 'गावातली जुनी पद्धत.' उत्तर आलं, 'ठीक आहे, तेच रकान्यात लिहा.' मी लिहिलं. आणि नियमाप्रमाणे बदलांची यादी काकांकडे दिली.

त्यांनी ती वाचली. "कोनती पद्धत?"

"वहीत आहे ती."

"मी पानकर. मले माहीत नाई अशी कोनती पद्धत?" वही त्यांच्या हातातच होती, पण त्यांनी ती उघडली नाही. त्यांचा संशय दुसरीकडेच धावला. नऊ नंबर म्हणजे रायाबाई, आणि रायाबाईचा भाचा पुण्याला कंप्युटरचं काहीतरी करतो. "चिमनी म्हंजे तो पोट्टा होय. मी सांगतो तुले. बाई कवाची वहीवर टपून हाय."

त्याच महिन्यात नागपुरात एका कॉलेजात उघड्या कोडवर काम करणाऱ्यांचा मेळावा होता. चौथ्या खेपेबद्दल मी तिथे दहा मिनिटं बोलणार होतो. चिमणीही येणार असल्याचं तिने कळवलं होतं. काका म्हणाले, "मी येतो."

दाराशी नावनोंदणी होती. काकांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, मोबाईल नंबरच्या जागी रेघ मारली. एका कार्यकर्त्याने त्यांना टी-शर्ट पुढे केला.

"कायले?"

"काका, फ्री आहे."

"म्हनूनच तं विचारून राहिलो."

त्याने काहीतरी प्रायोजकांचं सांगितलं. काकांनी टी-शर्ट उलटा करून आतली शिवण पाहिली, घडी घातली आणि परत दिला. दिवसभर ते मागच्या रांगेत धोतराचा सोगा सावरून बसले होते. प्रत्येक वक्त्याचं संपलं की माझ्या कानात विचारत, "याच्यात याचा काय फायदा?" सातआठ भाषणं झाली. त्यातल्या दोघांचंच उत्तर मला देता आलं.

जेवणाच्या सुट्टीत चिमणी आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलगी, नाव स्नेहल, कऱ्हाडची. बारीक चणीची, चष्मा, बोलताना जमिनीकडे पाहणारी. मी काकांची ओळख करून दिली. काकांनी हातातलं ताट खुर्चीवर ठेवलं.

"आमच्या गावात कोन हाय तुहं?"

"कोणी नाही, काका."

"रायाबाई कोन लागते तुही?"

"कोण रायाबाई?"

काका तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तुडूमाच्या चिखलाकडे ते असंच पाहायचे. मग म्हणाले, "तुले हे कोनं सांगतलं मंग? नऊ अन अडतीस?"

"कोणी नाही सांगितलं. कोडमध्येच दिसतं. थांबा, दाखवते." तिने लॅपटॉप उघडला. बेचाळीस ओळी, एकाखाली एक. चाळीस काळ्या, दोन लाल. तिला गावाचं नाव सोडता काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी ते नुसते आकडे होते. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली ओळी मोजत गेले. नवव्या ओळीवर थांबले.

"अठी अडतीस काहून?"

"मी तेच विचारलं होतं," ती म्हणाली.

काकांनी बोट उचललं नाही. मागे कुणीतरी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. तो त्यांनी देणाऱ्याकडे न पाहता घेतला.

माझं भाषण झालं. त्यात काय बोललो ते मला आठवत नाही. परतीच्या गाडीत काका बोटांवर काहीतरी मोजत होते. साकोलीला उतरून आम्ही गावाकडच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलो, तेव्हा ते म्हणाले, "त्या साली तुह्या बापाचा पाय मोडला होता."

मला आठवत होतं. मी आठवीत होतो.

"त्याच साली रायाबाईचा मानूस गेला. तिची बांधी पडीक राह्यली, रोवनीच झाली नाई. नऊची पाळी रिकामी जाऊन राहिली होती. तुहा बाप लंगडत शेवटच्या पाळीपर्यंत पान्याची वाट पाहत बसू शकत नव्हता. म्हटलं, यंदा नऊवर याले घेऊ, अन नऊले खाली टाकू. एका सालापुरतं." ते थांबले. "पुढच्या साली नवी वही केली."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. दर वर्षी ते नवी वही जुन्या वहीवरून उतरवत. पुढच्या वर्षी रायाबाईने रोवणी केली. शेताचं आधी सगळं नवराच पाहायचा, आपली पाळी कितवी ते तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं तेव्हा काकांनी वही पाहून सांगितलं. वहीत जे होतं ते होतं.

"अकरा सालं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

मी सांगितलं. आधी यादी जुळली नव्हती, मी जुळवली, हे सगळं. त्यांनी मला रागावावं असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "अडतीस आपलं हाय, हे लिवताना दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"हूं," ते म्हणाले, आणि गाडी आली.

घरी मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "यादो देत होता, मी घेत होतो. त्यात काय विचारायचं?" मग थोड्या वेळाने, "यंदा पान्यानं दगा देल्ला हाय. धान निसवून राहिलं. यंदाचं होऊन जाऊ दे. पुढच्या सालापासून करा काय करायचं ते." त्या अकरा वर्षांत आमच्या घरी धान बरं झालं होतं. माझी कॉलेजची वर्षं त्यातच होती. बाबांना हे माहीत होतं, मलाही होतं, आणि आम्ही दोघं ते सोडून बाकी सगळं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्याकडे आले. आईने चहा ठेवला. बाबांनी आपलं म्हणणं त्यांच्यापुढे मांडलं. काकांनी ऐकलं. "सदा," ते म्हणाले, बाबांचं नाव सदाशिव, "मी तुले पानी देल्लं ते माहं नव्हतं."

"तू मले सांगतलं होतं का कोनाचं हाय?"

"नाई."

"मंग आता गावापुढे माह्या पोराचं नाव काढू नको."

"त्याचं नाई काढत. माहं काढतो." कप तसाच ठेवून काका उठले. बाबांनी त्यांना बस म्हटलं नाही.

कारणाच्या रकान्यात मी 'जुनी नोंद दुरुस्त केली' असं लिहून नेलं होतं. काकांनी ते खोडलं. "नोंद आपोआप चुकली का? कोनं चुकवली ते लिव." मी लिहिलं. शेवटी मी माझंही नाव लिहिलं, दिनेश, अपवाद घालणारा म्हणून. ते त्यांनी खोडलं नाही.

व्हरांड्यात त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लोक होते. पाळी परवावर आली होती, आभाळ कोरडं होतं. काकांनी पहिले तीन बदल नेहमीच्या आवाजात वाचले. चौथ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बदल चौथा. नऊ नंबर नऊवर, अडतीस नंबर अडतीसवर. कारन. पानकर यादोराव खोब्रागडे यानं एका सालापुरती बदली केली अन परत फिरवली नाई. अकरा सालं नऊ नंबरचं पानी अडतीस नंबरले गेलं. दिनेशनं मशिनीत तेच ठेवलं."

पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एकेकाची मान रायाबाईकडे वळू लागली. ती खांबाजवळ बसली होती. उठली, पुढे आली, काकांच्या हातातून कागद घेतला. ती चौथीपर्यंत शिकलेली; ओळीखाली बोट धरून तिने चौथा बदल स्वतः वाचला.

"मले पाट फोडनारी कोन म्हनत होता?"

"मी," काका म्हणाले.

"किती सालं?"

"तेवढीच."

"ते लिवलं नाई अठी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन काढून लिहिलं: या काळात पाणकराने रायाबाईवर पाट फोडल्याचा खोटा आळ घेतला. तो कागद पुढे तसाच्या तसा प्रकल्पात गेला. चौथ्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत ते वाक्य आजही आहे, जगात कुणालाही वाचता येतं.

रायाबाईने ते मी लिहीत असताना पाहिलं. मग विचारलं, "माही पाळी कवा?"

"तेरवा सकाळी."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मला वाटतं काकांनी तशी अपेक्षाही केली नव्हती.

उठण्याआधी काका म्हणाले, "पुढच्या खेपेपासून वाचनारा दुसरा पाहा. हे आता माह्या हातात ठेवू नका. मी अकरा सालं हेच वाचून राहिलो, अन मले ऐकू आलं नाई." लोकांना वाटलं ते रागाने म्हणताहेत. ते रागावलेले नव्हते. वही त्यांनी त्याच दिवशी गावाच्या पाणी समितीकडे दिली.

त्या वर्षी आमच्या खालच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचेपर्यंत तलाव बसला होता. अर्धं धान पोचट निघालं. बाबा काकांशी माघ महिन्यापर्यंत बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले, पण चहा पिताना काका आता बाबांकडेही आधी पाहायचे. त्या एका गोष्टीचा मला त्या वर्षीच्या धानापेक्षा जास्त त्रास झाला. स्नेहल अजून 'पाणीपाळी'वर काम करते. तिच्या रकान्यामुळे आणखी दोन गावांत अपवादांची कारणं विचारली गेली, एवढंच मला कळलं. तिथे पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते पाचव्या खेपेच्या वाचनाला. वाचायला रायाबाई होती. हे कसं ठरलं ते कुणी मला नीट सांगितलं नाही. समितीत नाव निघालं आणि कुणी नको म्हटलं नाही. ती कागद डोळ्यांजवळ धरून, शब्द तोडत, हळू वाचायची. काका मागे जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, गुडघे वर. अंगावरचा सदरा सैल झाला होता. तब्येत उतरली होती. वाचन चालू असताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मला वाटलं झोपले.

"बदल दुसरा," रायाबाई वाचत होती. "ज्याच्या बांधीत पानी पोचलं नाई, त्यानं दुसऱ्या दिवशीच्या बारा वाजेपर्यंत सांगावं. त्याची पाळी पुन्हा लागन."

"थांब," मागून आवाज आला. "किती वाजेपर्यंत?"

"बारा."

"पुन्हा वाच."

रायाबाईने कागद खाली केला आणि माणसांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. "काहून? भरोसा नाई माह्यावर?"

"नाई," यादोकाका म्हणाले.

दोघंतिघं हसले. ती हसली नाही. तिने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला, ओळीवर बोट ठेवलं, आणि पहिल्यापेक्षा हळू, एकेक शब्द सुटा करून, ती ओळ पुन्हा वाचायला लागली.